रेल्वेची सुरक्षा आणि सरकारची देखरेख: बडोदेकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेल्वेशी काहीच संबंध नाही असे मराठी घर बडोद्यात शोधूनच काढावे लागेल. कुणाचे आजोबा गायकवाडी रेल्वेत होते, कुणी प्रतापनगरच्या मंडल कार्यालयात नोकरीला आहे, तर कुणी रोज सकाळी आणंद, भरूच किंवा सुरतेची गाडी पकडतो. त्यामुळे एखाद्या मोठ्या अपघाताची बातमी आली की गाड्या सुरक्षित चालतात की नाही हे नेमके कोण तपासते आणि त्याला तो अधिकार कुठून मिळाला, याविषयीचे प्रश्न पुन्हा पुन्हा कानी येतात. त्यांपैकी नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. चोऱ्या, फलाटावरचा बंदोबस्त आणि रेल्वे पोलीस हा विषय वेगळा असल्याने तो येथे घेतलेला नाही.

भारतात रेल्वेच्या सुरक्षेवर सरकारी देखरेख केव्हापासून आहे?

जवळजवळ रेल्वेइतकीच ती जुनी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५४ मध्ये, रेल्वेसंबंधीचा पहिला कायदा झाला. त्या काळी रेल्वेमार्ग खासगी कंपन्या बांधत आणि चालवीत. या कंपन्यांना त्यांच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी सरकारने दिलेली असल्यामुळे मार्ग कसा बांधला जातो, किती खर्च होतो आणि गाड्या नीट चालतात का, हे पाहणे सरकारला भागच होते. त्यासाठी सरकारने ‘कन्सल्टिंग इंजिनियर’ नेमले. कंपनीचे महत्त्वाचे निर्णय त्यांच्या नजरेखालून जात आणि कार्यक्षमता, काटकसर व सुरक्षितता या तिन्ही बाबींवर लक्ष ठेवणे हे त्यांचे काम होते.

या तीन बाबी एकाच माणसाकडे सोपवल्या होत्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. खर्च वाचवणाऱ्याने आणि सुरक्षिततेसाठी खर्चाचा आग्रह धरणाऱ्याने एकाच खुर्चीत बसावे, ही अडचण पुढे जवळजवळ नव्वद वर्षे वेगवेगळ्या रूपांत टिकून राहिली. आजही ती पूर्णपणे मिटली आहे असे म्हणवत नाही.

पुढे सरकारने स्वतःच रेल्वे बांधायला घेतल्यावर या अधिकाऱ्यांना ‘गव्हर्नमेंट इन्स्पेक्टर’ म्हटले जाऊ लागले आणि १८८३ मध्ये त्यांच्या पदाला कायद्याची मान्यता मिळाली.

गायकवाडी रेल्वेच्या काळात बडोद्यात काय स्थिती होती?

महाराजा खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम हा अडीच फूट रुंदीचा मार्ग तयार झाला. हिंदुस्थानातील एखाद्या संस्थानाने स्वतः बांधलेला हा पहिला रेल्वेमार्ग. सुरुवातीला या रुळांवरून डबे ओढायला बैल जुंपत असत. १८६३ मध्ये नीलसन कंपनीची इंजिने आली खरी, पण हलके रूळ त्यांचा भार पेलू शकत नसल्याने ती नियमितपणे चालवता आली नाहीत. अधिक मजबूत रूळ टाकल्यानंतर, म्हणजे १८७३ च्या सुमारास, इंजिनाच्या गाड्या नेमाने धावू लागल्या. कोणत्याही निरीक्षकाने मनाई करण्यापूर्वी रुळांनीच मनाई केली, अशी ही दहा वर्षे होती. इंजिनाचे वजन आणि रुळाची ताकद यांचा मेळ न बसल्यास काय होते, हा प्रश्न पुढे बिहटा येथे फार मोठी किंमत घेऊन परत आला. त्याविषयी खाली लिहिले आहे.

मुंबईहून सुरत, बडोदा, अहमदाबाद असा जाणारा मुख्य मार्ग मात्र ‘बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे’चा, म्हणजे आपल्या जुन्या मंडळींच्या तोंडी असलेल्या बी.बी.सी.आय.चा होता. संस्थानांच्या हद्दीतून जाणाऱ्या अशा मोठ्या मार्गांच्या जमिनीवरील अधिकार ब्रिटिश सरकार सामान्यतः संस्थानिकांकडून मागून घेत असे. संस्थानाच्या अरुंद मार्गांची व्यवस्थाही बराच काळ बी.बी.सी.आय.कडेच होती आणि १९२१ मध्ये ती बडोदा सरकारने आपल्या हाती घेतली. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये गायकवाडी रेल्वे बी.बी.सी.आय.मध्ये विलीन झाली आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी पश्चिम रेल्वे अस्तित्वात आली. तेव्हापासून डभोईच्या छोट्या गाडीला आणि मुंबईच्या मेलला एकच कायदा आणि एकच निरीक्षक लागू झाला.

१८९० च्या कायद्याने नवे काय आणले?

१८७९ च्या कायद्याची जागा घेणारा १८९० चा रेल्वे कायदा तब्बल शंभर वर्षे चालला. १९८९ चा कायदा १ जुलै १९९० रोजी अमलात येईपर्यंत देशातील रेल्वेचा कारभार त्याच्याच आधारे होत असे. निरीक्षकांची नेमणूक व त्यांचे अधिकार, नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करण्यापूर्वीची तपासणी, गाड्या चालवण्याचे सर्वसाधारण नियम आणि अपघात झाल्यास सरकारला कळवण्याची सक्ती, असा आजच्या व्यवस्थेचा सगळा सांगाडा त्यात सापडतो. १९८९ च्या कायद्याने भाषा बदलली, काही कलमे वाढवली, पण हा सांगाडा तसाच ठेवला.

गाड्या प्रत्यक्ष कशा चालवायच्या हे मात्र कायद्यापेक्षा ‘जनरल रूल्स’मध्ये लिहिलेले असते. सध्याचे नियम १९७६ चे असून त्यांच्या जोडीला प्रत्येक क्षेत्रीय रेल्वेचे पूरक नियम असतात. स्टेशन मास्तर, लोको पायलट, पॉइंट्समन आणि गेटमन यांच्यासाठी दैनंदिन कायदा म्हणजे हेच पुस्तक होय.

रेल्वे बोर्ड स्थापन झाल्यावर देखरेख अधिक कडक झाली का?

नाही. निरीक्षकांचे स्वातंत्र्य उलट कमी झाले. १९०५ च्या कायद्याने रेल्वे बोर्डाला सरकारचे अनेक अधिकार मिळाले, नियम करण्याचा अधिकारही मिळाला आणि निरीक्षक बोर्डाच्या हाताखाली गेले. त्या वेळी बहुतेक गाड्या कंपन्या चालवीत असल्याने हे फारसे खटकले नसावे, कारण बोर्ड हे कंपन्यांवर नजर ठेवणारे सरकार होते. पण १९२०-२१ च्या ॲकवर्थ समितीने रेल्वेचा कारभार सरकारने स्वतः पाहावा अशी शिफारस केली, १९२५ मध्ये जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे सरकारच्या व्यवस्थापनाखाली आली आणि १९४२ मध्ये बी.बी.सी.आय.ही आली. या प्रवासात बोर्ड हळूहळू स्वतःच गाड्या चालवणारे झाले. आता गाडी चालवणाऱ्याचा हिशेब तपासणारा निरीक्षक त्याच गाडी चालवणाऱ्याकडून पगार आणि बढती घेऊ लागला.

मग निरीक्षक आणि रेल्वे बोर्ड वेगळे कसे झाले?

हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा असल्याने त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

१९३५ च्या ‘गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्ट’मध्ये असे तत्त्व मांडले गेले की प्रवाशांच्या आणि रेल्वे कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी, अपघातांच्या चौकशीसह, रेल्वे चालवणाऱ्या यंत्रणेपासून स्वतंत्र असलेल्या अधिकाऱ्यांकडे असावी. कागदावर तत्त्व आले, पण ते अमलात आले नाही. दोन वर्षांनी, १७ जुलै १९३७ रोजी, पाटण्याजवळ बिहटा येथे ईस्ट इंडियन रेल्वेची एक्स्प्रेस रुळांवरून घसरली आणि शंभराहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या गाडीला ‘एक्स-बी’ जातीचे इंजिन लावलेले होते. ‘एक्स’ मालिकेतील ही पॅसिफिक इंजिने वेगात असताना डोलतात आणि रुळांना आडवे ढकलून त्यांची ओळ बिघडवतात, असा संशय आधीपासूनच होता. ही इंजिने मोठ्या संख्येने विकत घेतली गेली होती आणि घेणारी यंत्रणा तीच होती जिच्या हाताखाली निरीक्षक काम करीत.

या इंजिनांची तपासणी करण्यासाठी ‘पॅसिफिक लोकोमोटिव्ह कमिटी’ नेमली गेली. तिचे नेतृत्व ब्रिटनचे मुख्य रेल्वे निरीक्षक लेफ्टनंट कर्नल ए. एच. एल. माउंट यांच्याकडे होते. समितीचे मुख्य काम इंजिन आणि रूळ यांच्यातील संबंध तपासण्याचे होते, तरी १९३९ च्या अहवालात तिने निरीक्षकांना रेल्वे बोर्डापासून वेगळे करण्याचा आग्रह धरला. बोर्डानेही या विभक्तीला विरोध केला नाही. मध्यवर्ती कायदेमंडळाने १९४० मध्ये हे तत्त्व उचलून धरले आणि मे १९४१ मध्ये रेल्वे निरीक्षक तेव्हाच्या डाक व हवाई खात्याच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली गेले. महायुद्ध ऐन भरात असताना, रेल्वेवर लष्करी वाहतुकीचा प्रचंड ताण असताना हा बदल झाला, हे विशेष.

म्हणूनच रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात का?

होय. पुष्कळांना ही चूकच वाटते. १९४१ मध्ये ज्या खात्याकडे हवाई वाहतूक होती त्या खात्याकडे निरीक्षक गेले आणि पुढे ते खाते जसे बदलत गेले तसे तेही त्याच्याबरोबर राहिले. १ नोव्हेंबर १९६१ पासून या यंत्रणेला ‘कमिशन ऑफ रेल्वे सेफ्टी’ असे नाव मिळाले. तिचे प्रमुख, म्हणजे मुख्य रेल्वे सुरक्षा आयुक्त, लखनौला असतात आणि त्यांच्या हाताखाली निरनिराळ्या परिमंडळांचे आयुक्त काम करतात. बडोदा मंडल पश्चिम परिमंडळात येते आणि त्याचे कार्यालय मुंबईत आहे.

विमान खात्याला रेल्वेचे काय कळणार, अशी शंका घेण्याचे कारण नाही, कारण आयुक्त हे रेल्वेच्याच अभियांत्रिकी सेवांमधून आलेले अनुभवी अधिकारी असतात. खरी शंका उलट दिशेने घ्यावी. ज्या सेवेतून माणूस आला त्याच सेवेतील सहकाऱ्यांच्या कामाची तो चौकशी करतो आणि तज्ज्ञता व अंतर या दोहोंचा समतोल त्याच्या एकट्याच्या विवेकावर सोडलेला असतो.

इतर देशांत हे कसे घडले?

ब्रिटनमध्ये १८४० च्या कायद्याने ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ या खात्याला नवे मार्ग तपासण्यासाठी निरीक्षक नेमता आले. हे निरीक्षक लष्कराच्या अभियंत्यांपैकी असत. मात्र कंपन्यांना खर्चिक सुधारणा करायला भाग पाडण्याइतके बळ त्यांच्याकडे दीर्घकाळ नव्हते. त्यांचे अहवाल जाहीर होत आणि लाजेखातर कंपन्या सुधारतील अशी अपेक्षा असे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे शाळकरी मुलांच्या सहलीच्या गाडीचे डबे चढावावर सुटून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जणांचा बळी गेला आणि त्यांत मुले बरीच होती. त्याच वर्षी संसदेने कायदा करून एका टप्प्यात एकच गाडी सोडण्याची पद्धत, सिग्नल आणि सांध्यांचे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागांचे) परस्परबंधन, तसेच डबा सुटताच आपोआप लागणारे सलग ब्रेक सक्तीचे केले. निरीक्षक या तिन्ही गोष्टी वर्षानुवर्षे सुचवीत होते.

अमेरिकेत सुरुवात प्रवाशांपेक्षा कामगारांपासून झाली. डबे जोडताना दोन डब्यांच्या मध्ये उभे राहणाऱ्या कामगारांचे हात चिरडत, जीव जात. १८९३ च्या कायद्याने आपोआप जुळणारे कपलर (डबे जोडणारे आकडे) आणि हवेचे ब्रेक बंधनकारक केले. तेथे ‘फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशन’ नियम करते आणि अपघातांची चौकशी ‘नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्ड’ ही वेगळी संस्था करते. दोन्ही संस्थांचे काम १९६७ मध्ये सुरू झाले.

स्वातंत्र्यानंतर नेमलेल्या समित्यांनी काही साध्य झाले का?

समित्या अनेक झाल्या: १९५४ ची शाहनवाज समिती, १९६२ ची कुंझरू समिती, १९६८ ची वांछू समिती, १९७८ ची सिक्री समिती, १९९८ ची न्या. एच. आर. खन्ना समिती आणि २०११ मध्ये नेमलेली डॉ. अनिल काकोडकर समिती. पहिल्या चारांचे विषय बरेचसे सारखे होते. कर्मचाऱ्यांच्या चुका, प्रशिक्षण, फाटके, सिग्नल आणि जुनी सामग्री हे मुद्दे प्रत्येकीत आलेच.

खन्ना समितीनंतर मात्र पैशाची ठोस व्यवस्था झाली. मुदत संपलेले रूळ, पूल, सिग्नल आणि डबे बदलण्यासाठी २००१ मध्ये १७,००० कोटी रुपयांचा विशेष रेल्वे सुरक्षा निधी उभारला गेला आणि त्याचा काही भाग प्रवासभाड्यावरील अधिभारातून आला. त्या काळात प्रवास केलेल्या प्रत्येकाने नवीन रुळांसाठी थोडे पैसे मोजले आहेत.

काकोडकर समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. अणुशास्त्रज्ञ डॉ. काकोडकरांनी रेल्वेकडे बाहेरच्या माणसाच्या नजरेने पाहिल्यामुळेच की काय, या अहवालाचा सूर अधिक स्पष्ट होता. रेल्वे बोर्ड हे एकाच वेळी नियम करते, गाड्या चालवते आणि नियम पाळले जातात का हेही स्वतःच ठरवते, हे समितीने उघडपणे मांडले आणि स्वतंत्र ‘रेल्वे सुरक्षा प्राधिकरण’ कायद्याने स्थापन करण्याची शिफारस केली. पाच वर्षांत सर्व फाटके नाहीशी करणे, सगळे जुने डबे बदलून एल.एच.बी. या जर्मन बनावटीचे डबे आणणे आणि मुख्य मार्गांवर आधुनिक सिग्नल यंत्रणा बसवणे, अशा कामांसाठी पाच वर्षांत सुमारे १ लाख कोटी रुपये लागतील असा तिचा अंदाज होता. पैशाचा आकडा पुढे २०१७-१८ च्या अर्थसंकल्पातील ‘राष्ट्रीय रेल संरक्षा कोशा’त जसाच्या तसा उतरला. प्राधिकरण मात्र उतरले नाही. या कोशातील काही रक्कम प्राधान्य नसलेल्या कामांवर खर्च झाल्याचे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२२ च्या अहवालात नोंदवले, हेही येथे सांगितले पाहिजे.

अपघातानंतर रेल्वेमंत्र्यांनी राजीनामा देणे हा देखरेखीचाच भाग आहे का?

कायद्याने नाही. नोव्हेंबर १९५६ मधील अरियालूर अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी आणि ऑगस्ट १९९९ मधील गैसल अपघातानंतर नितीश कुमार यांनी राजीनामा दिला. ही राजकीय नीतिमत्ता झाली आणि तिचा आदरच केला पाहिजे. परंतु राजीनाम्याने सिग्नलच्या तारा दुरुस्त होत नाहीत, आणि राजीनाम्याच्या चर्चेत आयुक्तांच्या अहवालाकडे लोकांचे दुर्लक्ष होते, असा माझा अनुभव आहे.

गाडी चालवणाऱ्यांच्या कामाच्या तासांवर काही कायदेशीर मर्यादा आहे का?

आहे, आणि तिचा इतिहास बराच जुना आहे. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय श्रम कराराला अनुसरून १९३० मध्ये रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९३१ मध्ये कामाच्या तासांचे नियम आले. पुढे न्या. राजाध्यक्ष यांच्या १९४७ च्या निवाड्याने कामाची विभागणी अधिक नेमकी केली. १९८९ च्या कायद्यात हीच चौकट आहे: सतत स्वरूपाच्या कामाला आठवड्याला सरासरी ५४ तास, तीव्र स्वरूपाच्या कामाला ४५ तास आणि मधून मधून काम असणाऱ्यांना ७५ तास. दमलेल्या माणसाकडून लाल सिग्नल ओलांडला जाण्याचा धोका सर्वांनाच ठाऊक असल्याने हे नियम कामगारहिताचे असतात तितकेच प्रवाशांच्या हिताचेही असतात. लोको पायलटांच्या विश्रांतीविषयीचा वाद मात्र आजही अधूनमधून उफाळतो.

नवा मार्ग सुरू होण्यापूर्वी नेमके काय तपासतात?

बडोदेकरांना याचे अगदी जवळचे उदाहरण देता येईल. डभोई ते चांदोद हा मार्ग रुंद करून पुढे केवडियापर्यंत नवा मार्ग टाकण्यात आला आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथे गाड्यांचे उद्घाटन झाले. अशा कोणत्याही नव्या किंवा रूपांतरित मार्गावर, उद्घाटनाची कितीही घाई असली तरी, आयुक्तांनी पाहणी करून मंजुरी देईपर्यंत प्रवासी गाडी चालवता येत नाही. आयुक्त मोटर ट्रॉलीवरून मार्ग पाहतात, पूल, वळणे, सांधे, फाटके, सिग्नल आणि फलाटांची अंतरे तपासतात आणि शेवटी वेगाची चाचणी घेतात. मंजुरी बहुधा अटींसह मिळते, उदाहरणार्थ अमुक वेगापेक्षा जास्त नको किंवा अमुक काम आधी पूर्ण करा. १८९० पासून चालत आलेला हा अधिकार या यंत्रणेच्या हातातील सर्वांत धारदार अधिकार आहे, कारण येथे ती नुसती शिफारस करीत नाही. तिच्या संमतीशिवाय गाडी हलत नाही.

अपघाताची चौकशी कोण करते? सामान्य नागरिकाला साक्ष देता येते का?

प्रवासी गाडीच्या अपघातात कुणाचा मृत्यू झाला, प्रवाशाला कायमचे अपंगत्व आणणारी गंभीर इजा झाली किंवा रेल्वेच्या मालमत्तेचे मोठे नुकसान झाले तर आयुक्त स्वतः चौकशी करतात. इतर अपघातांची चौकशी रेल्वेचे अधिकारी करतात. सरकारने चौकशी आयोग कायद्याखाली स्वतंत्र आयोग नेमला, तर आयुक्तांची चौकशी थांबते.

आयुक्तांच्या चौकशीची सूचना जाहीर केली जाते आणि ज्याला अपघाताविषयी काही माहिती असेल तो नागरिक त्यांच्यापुढे हजर होऊन किंवा लेखी कळवून साक्ष देऊ शकतो. डब्यात बसलेल्या प्रवाशाला आधी धक्का जाणवला की आधी आवाज आला, ब्रेक लागल्याचे कळले की नाही, असे तपशील अभियंत्यांना अतिशय उपयोगी पडतात. तेव्हा आपण अशा गाडीत असाल तर अवश्य कळवावे.

२ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्टेशनवर तीन गाड्यांचा अपघात होऊन २९० हून अधिक लोक दगावले. त्याची चौकशी दक्षिण-पूर्व परिमंडळाच्या आयुक्तांनी केली. सिग्नलच्या तारांच्या जोडणीत पूर्वी केलेल्या बदलात आणि त्या दिवशी फाटकाच्या यंत्राच्या कामात झालेल्या चुकांमुळे गाडीला मुख्य मार्गाचा सिग्नल मिळाला, पण सांधा लूप लाईनकडे, म्हणजे स्टेशनातील बाजूच्या मार्गाकडे, वळलेला होता, असा निष्कर्ष निघाला. सी.बी.आय.चा तपास त्याला समांतर चालला, कारण आयुक्तांचे काम कारण शोधण्याचे असते आणि गुन्हा सिद्ध करण्याचे नसते.

आयुक्तांच्या शिफारशी रेल्वेवर बंधनकारक असतात का?

नाही. अहवाल रेल्वेकडे जातो, रेल्वे मंत्रालय शिफारशी स्वीकारते, नाकारते किंवा त्यांवर विचार करीत राहते. आयुक्तालयाचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवण्याची कायद्यात तरतूद आहे, त्यामुळे प्रश्न विचारण्याची संधी खासदारांना असते. माझ्या मते १९४१ ची विभक्ती अर्धीच झाली ती याच ठिकाणी. निरीक्षक बाहेर काढले, पण त्यांच्या शब्दाला वजन देणारी व्यवस्था केली नाही. २०१५ मध्ये विवेक देबरॉय समितीनेही स्वतंत्र नियामकाची गरज सांगितली. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने १९०५ चा रेल्वे बोर्ड कायदा रद्द करून बोर्डाला १९८९ च्या कायद्यात जागा दिली. त्या निमित्ताने हा प्रश्न सोडवता आला असता.

अपघातात नुकसानभरपाई मिळण्यासाठी रेल्वेची चूक सिद्ध करावी लागते का?

लागत नाही. १९४३ मध्ये जुन्या कायद्यात घातलेल्या कलमाने हे तत्त्व आले. सध्या मृत्यूसाठी भरपाईची रक्कम ८ लाख रुपये आहे आणि ती १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वी ती ४ लाख होती. १९९४ पासून धावत्या गाडीतून चुकून पडणे, गाडीतील दरोडा किंवा घातपात अशा घटनाही भरपाईच्या कक्षेत आल्या. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, नशेत असणे आणि नैसर्गिक आजार हे अपवाद आहेत. मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, आपल्यासाठी अहमदाबादच्या खंडपीठापुढे, घटनेपासून एक वर्षाच्या आत दाखल करावा. उशिराला सबळ कारण असल्यास न्यायाधिकरण तो माफ करू शकते.

मानवरहित फाटके खरोखर संपली का?

ब्रॉडगेज मार्गांवरील मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर संपवण्यात आली. गेटमन असलेली फाटके आहेत आणि त्यांच्या जागी हळूहळू पूल किंवा भुयारी रस्ते होत आहेत. फाटक बंद होत असताना दुचाकी वाकडी करून खालून काढणाऱ्यांवर कोणत्याही आयुक्ताचा इलाज चालत नाही.

अपघात कमी झाले आहेत, हा सरकारचा दावा खरा आहे का?

आकड्यांपुरता खरा आहे. रेल्वेच्या गणनेनुसार गंभीर परिणामांचे गाडी-अपघात २००० – ०१ मध्ये ४७३ होते आणि २०२३ – २४ मध्ये ४० झाले. नवे रूळ, अल्ट्रासॉनिक तपासणी, एल.एच.बी. डबे आणि फाटकांचे निर्मूलन यांचा हा परिणाम आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. मात्र या गणनेत रूळ ओलांडताना मरणारी माणसे येत नाहीत. काकोडकर समितीने अशा मृत्यूंचा आकडा वर्षाला सुमारे १५,००० सांगितला होता. म्हणजे जी संख्या सर्वांत मोठी आहे ती सुरक्षेच्या हिशेबाबाहेरच राहते.

‘कवच’ बसवणे कायद्याने सक्तीचे आहे का?

सिग्नल ओलांडला जात असेल किंवा समोरासमोर टक्कर होण्याचा धोका असेल तर आपोआप ब्रेक लावणारी ही देशी प्रणाली संशोधन संस्था आर.डी.एस.ओ.ने भारतीय उत्पादकांच्या मदतीने विकसित केली आणि २०२० मध्ये ती राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारली गेली. कुठे आणि केव्हा बसवायची हे रेल्वे स्वतःच्या कार्यक्रमानुसार ठरवते आणि बडोद्यावरून जाणाऱ्या दिल्ली-मुंबई मार्गाला त्यात प्राधान्य आहे. अमेरिकेत अशाच प्रणालीची सक्ती संसदेने २००८ मध्ये कायद्याने केली. त्याला कारण झाली त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे झालेली टक्कर, जिच्यात २५ जण दगावले. तेथेही ठरलेली मुदत दोनदा वाढवावी लागली, तरी कायद्यात तारीख असल्याने कंपन्यांना टाळाटाळ करणे अवघड झाले.

लालबागच्या प्रतापविलास राजवाड्यातील संस्थेचा या देखरेखीशी काही संबंध आहे का?

नाही. १९५२ पासून तेथे असलेले रेल्वे स्टाफ कॉलेज, म्हणजे आताची भारतीय रेल्वेची राष्ट्रीय अकादमी, ही अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी संस्था आहे. नियम तेथे शिकवले जातात, तपासले जात नाहीत.

बडोद्याहून जाणाऱ्या बुलेट ट्रेनला वेगळे नियम लागतील का?

मेट्रोसाठी २००२ चा वेगळा कायदा आणि वेगळे मेट्रो सुरक्षा आयुक्त आहेत. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान मार्गासाठी तांत्रिक निकष जपानच्या शिंकानसेनवर आधारलेले आहेत. १९६४ पासून धावणाऱ्या त्या गाड्यांत घसरण किंवा टक्कर होऊन एकही प्रवासी दगावलेला नाही. असे असले तरी प्रवाशांना घेऊन पहिली गाडी बडोदा स्टेशनातून सुटण्यापूर्वी सुरक्षा आयुक्तांची पाहणी आणि मंजुरी येथेही चुकणार नाही.